लिऑनने मान वर केली

ब्रॅनॉक गावात पोकोर्नींच्या बेकरीतलं खिडकीजवळचं टेबल मंगळवारी सकाळी सात ते नऊ कोणी अडवू नये, असा काही लेखी नियम नाही. पण अडवून बघा. ड्वाइट शिमेक अंगातला कोट न काढता तुमच्या शेजारी येऊन उभा राहील आणि तुमची कॉफी संपेपर्यंत मक्याच्या पिकाबद्दल बोलत राहील. भलेभले घाईघाईने उठतात. मग तिथे ड्वाइट बसतो, मार्व्हा क्लाइन बसते, लिऑन व्होकून बसतो, आणि नोव्हेंबर असला की आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलचा काथ्याकूट सुरू होतो.

ड्वाइटने तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. मार्व्हा कॉलेजच्या भोजनघरात स्वयंपाकीण होती. कुठला खेळाडू पुढे काय दिवे लावणार, हे ती तो ताटात भाजी घेतो की नाही यावरून सांगायची, आणि बऱ्याचदा बरोबर सांगायची. लिऑन होता धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याशी. मक्याचा ट्रक काट्यावर चढायचा, लिऑन आकडा लिहायचा, आणि त्या आकड्यावर पंचक्रोशीत कोणी ब्र काढत नसे. पुढे काटा यंत्राचा झाला, आकडा आपोआप छापून यायला लागला आणि लिऑनला घरी बसवलं. मग त्याच्याकडे एकच जागा उरली. कॉलेजच्या हॉलमध्ये मैदानाला लागून जे लांब टेबल असतं, त्याच्यामागची खुर्ची. तिथे तो एकोणचाळीस वर्षं गुणलेखक होता.

त्याची बायको जोलीन म्हणायची, "याला त्या खुर्चीवरून उठवलं ना, तर महिन्याभरात हा माझ्या भांड्यांची मोजदाद करायला लागेल." ती हे हसत म्हणायची, पण तिला भीती खरीच होती. लिऑनलाही होती. सत्तरी उलटलेल्या माणसाला गावात आपली वाट बघणारं कोणीतरी हवं असतं, आणि लिऑनची वाट बघणारी ती एक खुर्ची होती.

आता गुणलेखकाचं काम म्हणजे काय, तर पंचाच्या हातांकडे बघणं. चेंडू आत गेला की सगळा हॉल वर बघतो. गुणलेखक पंचाकडे बघतो. कोणी फाऊल केला, म्हणजे नियम मोडून धक्का दिला, की पंच बोटांनी त्याचा नंबर दाखवतो, उजव्या हाताने दशक, डाव्याने एकक, आणि गुणलेखक वहीत त्या नंबरच्या ओळीत खूण करतो. एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की तो बाहेर. दोन्ही संघांचे आपापले लेखक असतात, पण वाद झाला तर यजमानांची वही खरी धरतात. म्हणूनच टेबलावर बसणाऱ्याला पक्ष नसतो. टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, साधं चुकचुकायचंही नाही. लिऑनने हे इतकं पाळलं होतं की सामन्याच्या दिवशी आमच्या पोरांचा एकही बास्केट त्याने धड बघितला नव्हता. रविवारी चर्चहून आला की तो संगणकावर सामन्याचं चित्रण लावायचा आणि घरी एकटाच आरडाओरडा करायचा. उरलेलं सगळं मंगळवारी बेकरीत ओकायचा.

तर या गोष्टीतला पहिला मंगळवार थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुट्टीआधीचा.

"आठ सामने बाहेरच्यांशी," ड्वाइटने वेळापत्रकाचा कागद टेबलावर थोपटला. "त्यातले तीन असे, की मार्व्हा घरातल्या सपाता घालून खेळली तरी जिंकू. त्यांना हरवून काय मिळणार? कोणी हिंग लावून विचारणार नाही."

"मी सपाता घालून तुझ्यापेक्षा बरी धावेन," मार्व्हा म्हणाली. "तू बेकरीची पायरी उतरताना दार धरतोस."

"दार बर्फासाठी धरतो."

"बर्फ अजून पडलेलं नाही, ड्वाइट."

लिऑन कोलाचे, म्हणजे खसखशीचं सारण भरलेला गोड पाव, कॉफीत बुडवत होता. "शनिवारचं बोला. टॅलमन कॉलेजवाले येतायत इंडियानाहून. देशात नववे आहेत. तो एक सामना जिंकला ना, तर बाकीचे तीन कोणी बघणार नाही."

यात सगळं आलं. आमचं कॉलेज लहान. इथे खेळणाऱ्या पोरांना खेळाच्या जोरावर फीमाफी मिळत नाही. पोरं फी भरून शिकतात आणि हौसेने खेळतात. खरी झुंज आमच्या गटातल्या नऊ कॉलेजांशी असते, ती नाताळानंतर. गटात पहिला आला तो सरळ राष्ट्रीय स्पर्धेत. आम्ही पहिले येत नाही. तेवीस वर्षं आलो नाही. मग उरतो दुसरा रस्ता. फेब्रुवारीत निवडसमिती बसते आणि उरलेल्या मोजक्या जागांसाठी विचारते, की बाबा रे, तुम्ही गटाबाहेर कोणाला हरवलंत? तेव्हा नोव्हेंबरातला एखादा विजय कामी येतो. म्हणून नोव्हेंबरात, बाकी देशाला अजून या खेळाची आठवणही झालेली नसते तेव्हा, आमच्याकडे तीन म्हातारी माणसं एका कागदावर डोकी फोडत बसतात.

"जिंकत नाही आपण," ड्वाइट म्हणाला. "त्यांचा तो चोवीस नंबर, रीस. तो एकटा आपल्याला पुरून उरेल."

"आपल्याकडे नेट आहे की, तोही पोरगा काही कमी नाही," लिऑन म्हणाला.

"नेट भाजी खात नाही," मार्व्हाने निकाल दिला.

शनिवारी दुपारी दोनचा सामना होता. सुट्टीमुळे कॉलेज रिकामं. माईकवरून नावं पुकारणारा मुलीकडे गेलेला, संगणकावर नोंद करणारे विद्यार्थी आपापल्या घरी. टेबलावर तिघंच, घड्याळ चालवणारा एक आणि दोन गुणलेखक. टॅलमनची लेखिका एस्टेल पर्डम लिऑनच्याच वयाची, पांढऱ्या केसांचा आखूड कट. तिने बसल्याबसल्या स्वतःच्या तीन पेन्सिली ओळीत मांडल्या. लिऑनला ती बाई तिथेच आवडली. जोलीनने बांधून दिलेल्या टर्कीच्या सँडविचमधलं एक त्याने तिला दिलं.

हॉल मात्र भरला होता. घरात पाहुणे, पोटात तीन दिवसांचं जेवण, आणि गावात दुसरं करायला काही नाही. सगळं ब्रॅनॉक लाकडी बाकांवर येऊन बसलं होतं. ड्वाइटचा आवाज सगळ्यांच्या वर. रीस होता ड्वाइट म्हणाला तसाच. आमच्या नेटला तो सावलीसारखा चिकटला होता आणि वर स्वतः धडाधड गुण करत होता. मध्यंतराला आम्ही नऊने मागे.

उत्तरार्धात अकरा मिनिटं उरली असताना नेटने चेंडू घेतला, दोघांच्या मधून घुसला, पाठ बास्केटकडे असताना हात डोक्यावरून मागे नेला आणि चेंडू नुसता फेकून दिला. त्याच क्षणी शिट्टी वाजली.

आणि लिऑनने मान वर केली.

का केली, हे त्याला अजूनही सांगता येत नाही. बाकांवरून जो श्वास आत ओढल्याचा आवाज आला, त्यामुळे असेल. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो चेंडूकडे बघत होता. चेंडू जाळीमागच्या काचेला लागला, कड्यावर एकदा फिरला आणि आत पडला. लिऑनच्या छातीत असं काही उसळलं की टेबलाखाली त्याची मूठ वळली. हे सगळं मिळून दोन सेकंद. मग तो भानावर आला आणि त्याने पंचाकडे बघितलं, तर पंचाचे हात खाली यायला लागले होते. एका हाताची चार बोटं, एका हाताची दोन; कुठला हात कुठला, हे हुकलं होतं. सबंध दुपार नेटला रीसच धरून होता. लिऑनने चोवीसच्या ओळीत खूण केली.

पुढे चार मिनिटं उरली असताना रीसने खराच एक फाऊल केला. लिऑनने ओळीवरून बोट फिरवलं. पाच. त्याने पंचाला खूण केली.

टॅलमनचा कोच धावत आला. "चार झालेत त्याचे. चार."

"माझ्याकडेही चारच आहेत," एस्टेल हळूच म्हणाली.

पंचाने लिऑनकडे बघितलं. लिऑनने वही फिरवून दाखवली. पाच खुणा, एकीसारखी एक, सरळ.

"खात्री आहे?"

"आहे."

एस्टेलने त्याच्या वहीकडे बघितलं, आपल्या वहीकडे बघितलं, आणि खोडरबर घेऊन स्वतःचा आकडा दुरुस्त केला. रीस मैदानाच्या मधोमध उभा होता. त्याने स्वतःच्या हाताची बोटं एकेक करून मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग मान खाली घालून बाकावर जाऊन बसला. त्यांची सहा गुणांची आघाडी होती. ती गेली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

काय सांगायचं त्या संध्याकाळचं. लोक पार्किंगमध्ये एकमेकांना मिठ्या मारत होते. ड्वाइटचा आवाज बसला, ही गावाच्या इतिहासातली पहिलीच वेळ. लिऑनने नेहमीसारख्या पेन्सिली गोळा केल्या, वही मिटली आणि गाडीत बसल्यावर, दार नीट लावून, एकदाच मोठ्याने ओरडून घेतलं.

रविवारी जेवण उरकून त्याने चित्रण लावलं. नेटचा तो बास्केट आला. "जोलीन, ये, हे बघ." जोलीन हात पुसत आली, तिने बघितलं, ती म्हणाली, "अगं बाई." त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा, निव्वळ हौस म्हणून. आणि तिसऱ्यांदा त्याचं लक्ष चेंडूवरून ढळलं, पुन्हा जुन्या सवयीने पंचाकडे गेलं.

पंच बेचाळीस दाखवत होता. स्वच्छ. शिवाय त्याच्या मागे त्यांचा तो धिप्पाड बेचाळीस नंबर स्वतःच हात वर करून उभा होता, हो, माझाच, म्हणून. रीस तर दोन पावलं लांब होता. नेटला त्याचं बोटही लागलं नव्हतं.

लिऑनने चित्र मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग त्याने ते थांबवलं.

"काय झालं?" जोलीनने विचारलं. "तोंड पांढरं पडलंय तुझं."

"मी त्या पोराला फुकट बाहेर घालवलं."

तिने ऐकून घेतलं. चित्र तिलाही दाखवलं त्याने, बोट लावून. तिने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "कोणाला कळलंय?"

"मला कळलंय."

"ते झालंच. मी दुसऱ्यांचं विचारतेय."

"कोणाला नाही."

"सांगितलंस तर खुर्ची जाईल, लिऑन."

"जाईल."

"आणि मग तू माझी भांडी मोजशील."

तो हसला नाही. तीही हसली नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोज. मला काय, चार भांडी आहेत." चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढ्यात सगळं समजतं. लिऑनला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले, पण आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून त्याने नुसता तिचा हात धरला.

मंगळवारी बेकरीत सणच होता म्हणा ना. पोकोर्नींनी तिघांपुढे न मागता कोलाचेंची बशी आणून ठेवली, जर्दाळूचे सुद्धा. ड्वाइटचा आवाज परत आला होता. "आता बघा," तो म्हणत होता, "नवव्या नंबरला लोळवलं आपण. फेब्रुवारीत समितीला विचारावंच लागेल, की हे ब्रॅनॉक कोण. गटात तिसरे आलो तरी आत जाऊ."

"नेटनं शुक्रवारी बीन्स खाल्ले होते म्हणे," मार्व्हा म्हणाली. "मला आतून खबर आलीय."

लिऑनने कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. आडपडदा नाही, प्रस्तावना नाही. अकरा मिनिटं, बेचाळीस, चोवीस, चित्रण.

 ड्वाइटने आधी दाराकडे बघितलं, मग पुढे झुकला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"जोलीनला. आता तुम्हाला."

"मग इथंच थांबव. निकाल बदलतो का? नाही बदलत. नियमच आहे, सामना संपला की संपला. मग कशाला उगाच? ती पोरं किती खूश आहेत. नेटच्या आईनं पेपरातलं कात्रण फ्रिजवर लावलंय."

"मला माहीत आहे."

"तेवीस वर्षं, लिऑन. तेवीस वर्षं मी त्या बाकावर बसून पार्श्वभाग सपाट करून घेतला. एकदा, एकदा काहीतरी आपल्या बाजूनं पडलं, तर तू त्याला टाचणी लावायला निघालास."

मार्व्हा इतका वेळ लिऑनकडे टक लावून बघत होती. "पण तू चुकलासच कसा? तू चुकत नाहीस."

लिऑनला सगळ्यात अवघड हेच होतं. "मी चेंडू बघत होतो," तो म्हणाला.

"टेबलावर बसून?"

"हो. नेटचा. आत जातोय का, ते बघत होतो."

 गावात कोणालाही हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग त्यात काय एवढं. पण या दोघांना कळलं. माणूस चोरी केल्याचं सांगताना जसा मान घालून बसेल, तसा लिऑन बसला होता.

"मी उद्या कॉलेजात जातोय," लिऑन म्हणाला.

ड्वाइट उठला, कोट घातला आणि निघून गेला. बशीतले कोलाचे तसेच राहिले. मार्व्हाने ते कागदात बांधले आणि लिऑनच्या हातात दिले. "जोलीनला दे," ती म्हणाली. "आणि ड्वाइटचं मनावर घेऊ नकोस. त्याला रागवायचं असतं, पण कोणावर ते ठरत नसतं."

बुधवारी लिऑन टाय बांधून गेला. खेळविभागाच्या प्रमुख मिस ब्रंट आणि आपला कोच, दोघं समोर बसले. चित्रण बघितलं. कोचने कपाळाला हात लावला. निकाल बदलणार नाही, हे दोघांनीही सांगितलं. टॅलमनला पत्र जाईल, गटाच्या कार्यालयाला कळवलं जाईल. मग मिस ब्रंट म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षांत एक चूक, मिस्टर व्होकून. तीही तुम्हीच येऊन सांगताय. शनिवारी घरचा सामना आहे. तुम्ही यायचं, तुमच्या खुर्चीवर बसायचं."

हेच ऐकायला तो आला होता, असं कोणालाही वाटेल. जीव भांड्यात पडायला हवा होता. लिऑनने टोपी हातात फिरवली.

"नाही," तो म्हणाला. "मी पुन्हा बघणार."

"म्हणजे?"

"एकदा बघितलंय मी. आता मला माहीत झालंय ते कसं दिसतं. चेंडू वर गेला की मी बघणारच, कितीही ठरवलं तरी. असा माणूस तिथे बसवू नका." आणि त्याने हॉलच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. 

घरी येऊन त्याने टॅलमनच्या कोचला स्वतः फोन केला. कॉलेजचं पत्र जाईल तेव्हा जाईल. हे आपल्या तोंडून गेलं पाहिजे, असं त्याचं मत. तिकडच्या माणसाने शेवटपर्यंत ऐकलं. तो ओरडला असता तर बरं, असं लिऑनला वाटत होतं. तो नुसता म्हणाला, "मी मुलांना सांगतो," आणि फोन ठेवला.

गुरुवारी एस्टेलचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार केलाच नाही. "माझ्या वहीत चार होते," ती म्हणाली. "बरोबर होते. आणि मी ते खोडले. कशासाठी, तर तुमचं अक्षर इतकं देखणं होतं, म्हणून. तीस वर्षं झाली मला हे काम करून. माझी आई आज असती तर तिनं मला कधी माफ केलं नसतं."

"चूक माझी होती," लिऑन म्हणाला.

"निम्मी," एस्टेल म्हणाली. "निम्मी माझी. वाटून घेऊ. आणि ते सँडविच फार छान होतं, तुमच्या मिसेसना सांगा." लिऑनला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. कोवळा आवाज, जरा घाबरलेला.

"मिस्टर व्होकून? मी टॉबिन रीस. चोवीस नंबर."

लिऑन उठून उभा राहिला. "बोल, बाळा. तुला जे बोलायचं असेल ते बोल. माझी ऐकायची तयारी आहे."

"नाही, तसं काही नाही. म्हणजे..." पोरगा थांबला. "कोचनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं. मला तुम्हाला एक सांगायचंय. शनिवारी मला पक्कं माहीत होतं, की चार झालेत. मी मोजतो. आमच्या कोचची शिस्तच आहे, प्रत्येकानं आपले फाऊल आपण मोजायचे. आणि मग तुम्ही पाच म्हणालात. वहीत पाच होते. मला वाटलं, मीच चुकलो. आम्ही चौघं शेवटच्या वर्षाचे आहोत, आणि मला साधं पाचपर्यंत मोजता येईना, म्हणून त्यांचा सामना गेला. पप्पा म्हणाले, एवढंसं ध्यानात राहत नाही का तुला? आठवडाभर मी कोणाशी धड बोललो नाही. सरावातसुद्धा चेंडू अंगावर आला की हात मागे घेत होतो."

लिऑनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी चुकलो नव्हतो ना?" पोराने विचारलं. त्याला ते सांगितलेलं होतं, तरी त्याने विचारलं.

"नाही," लिऑन म्हणाला. "तू बरोबर होतास. अगदी पहिल्यापासून बरोबर होतास. मी चुकलो."

तिकडून लांब श्वास ऐकू आला. "थँक यू, सर," पोरगा म्हणाला. "खरंच. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"सामना तुला परत देता येत नाही रे मला."

"राहू दे तो. उद्या आमचा दुसरा आहे." आणि मग, आईने शिकवलेलं आठवल्यासारखं, "तुम्हाला पण उद्यासाठी शुभेच्छा."

फोन ठेवल्यावर लिऑन स्वयंपाकघरात गेला आणि खुर्चीवर बसून रडला. लाजला नाही. जोलीनने गॅस बंद केला आणि शेजारी बसली. "माफी मागायला गेलो मी," तो म्हणाला, "आणि तो पोरगा मला थँक यू म्हणतो. मला, जोलीन." गेले पाच दिवस त्याला वाटत होतं की आपण एक गोष्ट गमावायला निघालोय. ती गमावलीच. पण कुठल्याशा गावात एक पोरगा आज रात्री नीट झोपणार होता, आणि तेवढ्यासाठी लिऑनला देवाचे, एस्टेलचे, मिस ब्रंटचे, सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते. कोणापासून सुरू करावं, तेच कळत नव्हतं.

शनिवारी तो हॉलवर गेला तेव्हा दारातच अडखळला. पाय आपोआप टेबलाकडे वळले होते. टेबलामागे मार्व्हा बसली होती, चष्मा नाकावर, वही पुढ्यात, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्याचा भाव. लिऑननेच तिचं नाव सुचवलं होतं. अठ्ठावीस वर्षं दोनशे पोरांच्या ताटात काय पडलं हे लक्षात ठेवणारी बाई. तिला दहा जणांचे फाऊल काय जड.

तो बाकांच्या दिशेने वळला आणि मग त्याला कळलं, की या हॉलमध्ये आपल्याला बसायचं कुठे, हेच माहीत नाही. एकोणचाळीस वर्षांत प्रश्नच आला नव्हता. लोक बघत होते. गावात आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी मान डोलावली, कोणी नजर टाळली. नेटची आई मात्र उठली, त्याच्याजवळ आली, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि परत जाऊन बसली.

पाचव्या रांगेत ड्वाइट होता. शेजारच्या जागेवर त्याचा कोट पसरलेला. मंगळवारनंतर दोघं बोलले नव्हते. लिऑन पायऱ्या चढून त्याच्यासमोर उभा राहिला. ड्वाइटने मैदानाकडेच बघत कोट उचलला आणि मांडीवर घेतला.

लिऑन बसला.

"बाक कडक आहे," ड्वाइट थोड्या वेळाने म्हणाला. "पहिल्या वर्षी त्रास होतो."

"बरं."

"त्या पोरानं फोन केला म्हणे तुला. काय म्हणाला?"

लिऑनने सांगितलं. सगळं, पोराचे शब्द जसेच्या तसे. ड्वाइट ऐकत राहिला. खाली खेळ सुरू झाला होता, पहिला बास्केट पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मी मंगळवारी जे बोललो..." तो म्हणाला.

"तू कुजबुजलास. मला काही ऐकू आलं नाही."

ड्वाइटने नाक ओढलं. "माझा मुलगा खेळायचा तेव्हा त्यालाही एकदा असंच फुकट बाहेर काढलं होतं," तो म्हणाला. "फोन कोणाचा आला नाही." त्याने लिऑनच्या गुडघ्यावर एक थाप मारली, जरा जोरातच, आणि पंचाच्या नावाने बोंब ठोकली. बिचाऱ्या पंचाने काहीच केलं नव्हतं.

समोरचा संघ साधाच होता, ड्वाइटच्या भाषेत सपाता घालून हरवण्यासारखा. तरी पाहुण्यांनी पहिली दहा मिनिटं पोरांना घाम फोडला. लिऑन सरळ बसून होता. हात मांडीवर, ओठ मिटलेले. बाजूचे उठले की त्याचेही पाय हलायचे, पण घसा उघडत नव्हता. पेन्सिलीविना उजव्या हाताचं काय करावं हेही कळत नव्हतं, म्हणून तो हात डाव्या हाताने धरून ठेवला होता.

मग नेटला चेंडू मिळाला. तो उजवीकडून घुसला, अंगावर एक जण घेऊन वर उडाला, आणि शिट्टी वाजत असतानाच चेंडू हातातून सुटला. लिऑनने बघितलं. सगळं बघितलं, चेंडू वर जाताना, कड्यावर थबकताना, आत पडताना. आणि तो उठला, दोन्ही हात वर गेले, आणि घशातून असा काही आवाज निघाला की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. ड्वाइटसुद्धा बघत राहिला.

त्या आवाजाने खाली टेबलावर मार्व्हाने मान वर केली आणि हसत हसत बाकांकडे बघितलं.

"वर काय बघतेस," लिऑन तिथूनच ओरडला. "पंचाकडे बघ, बाई, पंचाकडे."

मार्व्हाने झटकन मान फिरवली. पंचाचे हात अजून वर होते. तिने नंबर वाचला, ओळीवरून बोट फिरवलं, ओळ पुन्हा एकदा तपासली आणि खूण केली. मगच लिऑन खाली बसला.